एक बादली जास्वंद आन् दोन एकराचं औषध

झाडाझुडपातलं जेवढं आपल्याला कळतं, तेवढं अख्ख्या नांदेडात कोणाला कळत नसंल. आता आपण हात लावल्यालं एकबी झाड जगलं न्हाई, ही गोष्ट अलग!

कळायलाच पाहिजे की. मुखेड तालुक्यातला माणूस मी. शाळा चौथीपर्यंत. (पाचवीत कामून गेलो न्हाई, ते मास्तरला इचारा. मला जायचं होतं, तेनंच येऊ दिलं न्हाई!) तिथून पुढं बापाच्या मागं कापसात, आन् लग्न झाल्यावर नांदेडात, आटोत. स्टेशन ते विष्णुपुरी, विष्णुपुरी ते स्टेशन. पण आटोवाला झाला म्हणून आतला कास्तकार मरतो थोडाच? रस्त्यानं जाता जाता कोणाच्याबी रानाकडं बोट करून मी मागच्या सीटला सांगतो, "हेला युरिया कमी पडला बघा." मागच्या सीटवर इंजिनेरिंग कॉलेजातली पोरं आसतात, कानात वायरी घातल्याली. तेंनी आजवर एकदाबी माझं म्हणणं खोडलं न्हाई!

आमच्या घरी मात्र झाड म्हणून एकच. जास्वंद. रंगाच्या रिकाम्या बादलीला खालून भोकं पाडून लावल्याली. लाल फूल, एकेरी पाकळी. दिसायला एकदम साधी. पण आमची मंडळी, मंगल, तिचा सगळा जीव त्या बादलीत. कारण ती जास्वंद तिच्या आईच्या हातची. माझ्या सासूनं मुखेडात परसदारी आडापाशी लावली होती, माणसाच्या वर गेली होती. सासू गेली. मग माझा मेव्हणा गोविंदा, तेनं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. कॉलमच्या खड्ड्यात ते झाड मुळासकट उपटून गेलं. मंगलनं नशिबानं आधीच एक फांदी आणून बादलीत खोचली होती, तेवढीच काय ती आईची निशाणी राहिली.

आन् दिवाळीनंतर गोविंदाच्या त्याच घराची वास्तुशांत होती. मंगलनं भावाला फोनवर शब्द दिल्ता, "गोविंदा, मी आहेर-बिहेर काही आणणार न्हाई. आईची जास्वंद आणून तुझ्या दारात लावणार." हे बोलताना तिचा आवाज जरासक बसला होता. मी बाजूलाच भाकर खात होतो, मलाबी ठसका लागला. (ठसका ठेच्याचा होता, पण तिला वाटलं मलाबी सासूची याद आली. मी कशाला सांगू?)

आशात श्रावण लागला आन् लातूरच्या लेकीचं दुसरं बाळंतपण आलं. मंगल निघाली लातूरला. बस स्टँडवर मला सूचना चालू.

"हे बघा, जास्वंदीची खालची पानं पिवळी पडायलीत. पाणी जास्त झालंय. माती वाळल्याशिवाय पाणी घालू नगा."

"हाव."

"देठापाशी पांढरं पांढरं कापसावानी दिसलं, तर साबणाच्या पाण्यात फडकं बुडवायचं आन् पुसून काढायचं."

"हाव गं."

"आन् तुमचं डोकं चालवू नगा."

"हाव. आं?"

यष्टी हालली. मंगलनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढून पुन्यांदा वरडून सांगितलं, "डोकं चालवू नगा!" सगळ्या स्टँडनं माझ्याकडं बघितलं. कंडक्टरनं तर आशी मान डोलावली की जसा तो मला लहानपणापासून वळखतो!

आता तुम्हीच सांगा. पान पिवळं पडलंय आन् ही म्हणते पाणी बंद करा. माणूस पिवळा पडला तर आपण तेचं पाणी तोडतो का? मी काय केलं, सकाळी आटो धुतला की राहिल्यालं पाणी बादलीत. दुपारी जेवण झालं की हात बादलीत. संध्याकाळी, बिचारी दिवसभर एकटी होती म्हणून, एक घागर अजून. आठवडाभरात ती जास्वंद आशी पिवळी झाली, जशी खंडोबाच्या जत्रेत भंडारा खेळून आली!

मी आटो स्टँडवर इचारलं. तिथं सगळेच कास्तकार, फक्त सध्या आटोत. सगळ्यांचं एकमत झालं: युरिया. (आमच्या स्टँडवर एकमत होणं म्हणजे काय ते तुम्हाला मालूम न्हाई. चहा कोणी पाजायचा ह्याच्यावर आजूक एकमत झालं न्हाई.) युरिया घरातच होता, पलंगाखाली पिशवीत. कामून होता ते इचारू नका. कास्तकाराला पलंगाखाली युरिया आसला की झोप लागती. कापसाच्या एका झाडाला एवढासा पुरतो, हे मला मालूम होतं. पण ही तर सासूच्या हातची! सासूला चिमटीभर टाकायचं म्हणजे बरं दिसत न्हाई. मी मानानं ओंजळभर टाकला.

तिसऱ्या दिवशी पानाच्या कडा करपल्या. जसं कोणी बसून एकेका पानाला बिडीचा चटका दिलाय!

नेमका त्याच दिवशी मंगलचा व्हिडिओ कॉल. नात झाली होती, सगळे खुश. नात दाखवली. नात माझ्यावर गेली म्हणाले. (मी फोनवर बघितलं, तिला केस नव्हते, मलाबी न्हाईत. आसंल.) आन् मग मंगल म्हणली, "आता माझी जास्वंद दाखवा."

मी करपल्याल्या बादलीकडं बघितलं. पण तेवढ्यात डोकं चाललं! भिंतीपलीकडं शिंदे काकूंची जास्वंद होती, हिरवीगार, डौलात. मी भिंतीपाशी गेलो, टाचा वर केल्या, आन् हात लांब करून फोन पलीकडं नेला.

"आगं बाई! लईच फोफावली की ओ!"

"मग! माझ्या हातात हाय."

"पण हे फूल गुलाबी कसं?"

"नेटवर्क. हिकडं लाल रंग जरासक फिका येतो."

"आन् बादली कुठंय?"

"बादली खाली हाय."

"मग खाली दाखवा."

"फोन खाली वाकंना गेलाय."

तेवढ्यात पलीकडून शिंदे काकूंचा आवाज: "कोण हाय तिथं? मारोतीभाऊ, भिंतीवरून हात घालून फुलं तोडायलाव का? रोज म्हणते मी, फुलं कोण नेऊन राहिलं!"

मी फोन कट केला. लेकीनं नंतर सांगितलं, मंगल बाजेवर बसून लई वेळ इचार करत होती आन् मग म्हणली, "तुझ्या पप्पाची तब्येत ठीक दिसंना."

तब्येत जास्वंदीची ठीक नव्हती. दुसऱ्या दिवशी बघतो, तर देठादेठावर पांढरा कापूस चिकटल्याला. पिठ्या ढेकूण! आन् तेच्या मागं मुंग्यांची ही मोठी रांग, जसं राशनचं दुकान उघडलंय. मंगलनं सांगितलं होतं, साबणाचं पाणी आन् फडकं. मला याद होतं. पण कापसात जन्म काढल्याल्या माणसानं कीड फडक्यानं पुसायची? भांडी हायत का ती?

मी गेलो नव्या मोंढ्यात, औषधाच्या दुकानात. भर हंगाम, दुकान गच्च. सगळे खरे कास्तकार, पायात चिखल, खांद्यावर रुमाल. शेठनं मला इचारलं, "बोला."

"पिठ्या ढेकूण हाय. पानंबी पिवळी पडायलीत."

"किती रान?"

आता झाली का पंचाईत! एवढ्या माणसात 'एक बादली' म्हणू? माझा बाप वरून बघत आसंल! तोंडातून निघून गेलं, "दोन एकर."

"कापूस?"

मी इचार केला. जास्वंदीचं पान, फूल, सगळं कापसाच्याच भावकीतलं दिसतं. लई खोटं होणार न्हाई. "कापूसच."

"पात्या, कळ्या गळायल्यात का?"

"गळायल्यात."

"बोंडं किती लागली?"

"बोंडं न्हाईत. फुलं लागतात. लाल."

बाजूचा एक म्हातारा माझ्याकडं वळला. "फूल दुसऱ्या दिवशी लाल होतंय की. पहिल्या दिवशी कसं आसतंय?"

"पहिल्या दिवसापासून लालच."

"सगळी?"

"सगळी."

म्हातारा जवळ सरकला. "वाण कोणतं ओ पाव्हणं?"

"घरचंच हाय. सासूकडचं."

"बी मिळंल का?"

"बी न्हाई. फांदी लावावी लागती."

आता मात्र दुकानात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. फांदीवर येणारा, लाल फुलाचा, बिनबोंडाचा कापूस! कोणी रुमाल तोंडावरून काढला, कोणी मोबाईल काढला. म्हातारा माझा हात धरून म्हणला, "रान कुठंय तुमचं? आम्ही आत्ताच येतो बघाया. गाडी हाय."

मी शेठच्या हातातून बाटल्या घेतल्या आन् जो सुटलो, तो आटो सरळ विष्णुपुरीच्या पुलावर येऊन थांबवला. मागं वळून बघितलं. जीप न्हाई. बाटल्या बघितल्या. दोन एकराच्या होत्या.

आता एवढं औषध म्हणल्यावर पंप पाहिजे. (झारी होती घरात. पण दोन एकराचं औषध झारीनं मारल्यालं कोणी बघितलं हाय का?) मी गोविंदाला फोन लावला.

"गोविंदा, तुझा पाठीवरचा पंप पाठवून दे."

"दाजी, रान घेतलं का काय?"

"तुझ्या आक्काच्या जास्वंदीला फवारायचं हाय."

"एका बादलीला पंप?"

"वास्तूला आणायची हाय ना रे तुझ्या? का न्हाई?"

"मग चांगला दाबून मारा दाजी," आसं म्हणून गोविंदानं मुखेड गाडीच्या ड्रायव्हरजवळ पंप देऊन टाकला. पंप सीटवर बसून आला. मागचे लोक उभे!

फवारताना काळजी घ्यावी लागते, हे मला कळतं. अंगात रेनकोट घातला, डोळ्याला गॉगल लावला, तोंडाला मंगलची जुनी ओढणी गुंडाळली, पाठीवर पंप टाकला आन् अंगणात उतरलो. पहिल्या फवाऱ्यात बादली भिजली. दुसऱ्यात आटो. पंप मात्र तेवढाच भरल्याला! औषध कालवल्यावर टाकून देता येत न्हाई, कास्तकाराचा हात तसा वळतच न्हाई. काय करावं आशा इचारात उभा होतो, तर भिंतीवरून शिंदे काकू.

"आगं बाई, डेंगूचे फवारणीवाले आले वाटतं! ओ भाऊ, आमच्याकडं कवा येणार?"

बोललो आसतो तर आवाजावरून वळखलं आसतं, आन् मग आधीच्या फुलाचा इषय निघाला आसता. मी नुसती मान हालवली.

"या की मग. हितं नालीत मारा. त्या कोपऱ्यात मारा. आन् ह्या कुंड्यातबी मारा चांगलं, मच्छर बसतात."

मी गेलो. नालीत मारलं, कोपऱ्यात मारलं. तेंची गुलाबी जास्वंद, तेंचा मोगरा, तेंची शेवंती, सगळ्यांना न्हाऊ घातलं. काकूंनी फाटकापर्यंत सोडलं आन् वर म्हणल्या, "एवढं मन लावून काम करणारा माणूस पहिल्यांदा बघितला!" माझी आजवरच्या आयुष्यात झाल्याली ती एकच तारीफ, आन् ती ओढणीच्या आत ऐकावी लागली.

त्याच्यानंतर जे झालं ते मी कापसात बघितल्यालं होतं. जास्वंदीची शेंड्याची पानं आखडली. कोंबडीचा पाय कसा आवळतो, तशी. देठं मुरगाळली, कोंब वाकडा झाला. शेजारच्या रानातलं तणनाशक वाऱ्यानं कापसावर उडालं की आसंच होतंय. पण माझ्या अंगणात तणनाशक कुठून? मी पंपाचं झाकण उघडून वास घेतला. वास घेतला आन् खालीच बसलो.

"गोविंदा, पंपात आधी काय होतं रे?"

"काही न्हाई दाजी. रिकामा होता."

"रिकामा व्हायच्या आधी?"

तो हळूच म्हणला, "बांधावर गवत लई माजलं होतं ओ."

"मग?"

"मग काय, तणनाशक मारलं."

"पंप धुतला होतास का?"

"तुम्ही धुतला का?"

"मी कामून धुवू? पंप तुझा!"

"औषध तुमचं!"

आता हेच्यात त्या बिचाऱ्याला तरी काय बोलावं? आमच्याकडं पंप वापरून झाला की धुवायचा न्हाई, टांगून द्यायचा. तो म्हणतो, पुढचा धुईल. पुढचा म्हणतो, आधीच्यानं धुतला आसंल. सगळ्या गावाचा एकमेकांवर एवढा इश्वास हाय!

"आक्काला सांगितलं का?" गोविंदानं इचारलं.

"न्हाई."

"सांगू नगा. आन् सांगितलंच, तर पंप कोणाचा होता ते सांगू नगा."

"आरं तुझ्याच दारात लावायची होती ना ती!"

"म्हणूनच म्हणतो ना दाजी. आईची एकदा मी उपटली. आता ही दुसरी."

मी फोन ठेवला. आन् मंगलचा फोन आला, "नेट चालू करा, झाड दाखवा." मी भिंतीपाशी पळत गेलो, टाचा वर केल्या, पलीकडं डोकावलो. शिंदे काकूंची जास्वंद कोंबडीचे पाय वर करून उभी! मोगरा झोपल्याला, शेवंती मुरगाळल्याली. दाखवायला सगळ्या गल्लीत एक झाड शिल्लक ठेवलं नव्हतं मी!

"नेट न्हाई," मी म्हणलो.

"मग राहू द्या. उद्या मी येतेच हाय."

गोविंदा पहिल्या गाडीनं हजर. हातात नर्सरीतली नवी जास्वंद, काळ्या पिशवीतली. तेनं सगळा बेत ठरवूनच आणला होता. "जास्वंद ती जास्वंद दाजी. लाल हाय. आक्काला काय कळतंय?" आम्ही जुनं झाड उपटलं, न्हाणीघराच्या मागं टाकलं. नवी बादलीत बसवली, वरून जुनी माती पसरली, दोन पिवळी पानं आजूबाजूला टाकली. (ती माझी आयडिया. खरं वाटाया पाहिजे!) लांबून बघितलं. गोविंदा म्हणला, "आई शप्पत, मलाच वळखू येईना." तेला आधीची तरी कुठं वळखू येत होती?

मंगल आली. खांद्याला पिशवी, हातात लेकीनं दिल्याला डबा. फाटक उघडलं, दोन पावलं आत आली आन् बादलीपुढं उभी राहिली. घरात पाय टाकला न्हाई, पाणी मागितलं न्हाई.

"ही कोण?"

जसं काय मी दुसरी बायको करून आणली!

"कोण म्हणजे? तुझीच की. जरासक टवटवीत झाली."

मंगलनं एक पान दोन बोटात धरलं. मग गोविंदाकडं बघितलं. "तू कवा आलास?"

"सहज आल्तो आक्का."

"मुखेडहून सहज?"

मग तिची नजर खुंटीवरच्या पंपाकडं गेली. तिथून परत आमच्या दोघांच्या तोंडाकडं. मी सांगायला तोंड उघडलं तर गोविंदा आधीच म्हणला, "पंप माझा, पण मारलं दाजीनं!" घ्या! सांगू नगा म्हणणारा हाच!

मंगल वरडली आसती तर बरं झालं आसतं. तिच्या वरडण्याची मला सवय हाय, त्याच्यात मला झोपबी लागती. पण ती वरडली न्हाई. बादलीपाशी तशीच खाली बसली, पिशवी खांद्यालाच, आन् एवढंच इचारलं, "फेकलीत का?"

गोविंदा, एवढा पहिलवान गडी, तेच्या डोळ्यात पाणी. मी न्हाणीघराच्या मागं पळालो आन् ती जास्वंद दोन्ही हातावर घेऊन आलो. मुळं कुजल्याली, शेंडा वाळल्याला. मंगलनं मांडीवर घेतली. नखानं साल खरवडली. वाळकं. खाली खरवडलं. वाळकं. आजूक खाली, मुळाच्या वर, खरवडलं. तिथं आत हिरवी रेघ दिसली, मेथीच्या काडीएवढी.

"इळा आणा," ती म्हणली.

मी पळालो. गोविंदाबी पळाला. दारात दोघांची टक्कर झाली.

"एकानंच आणा! आन् मग दोघंबी तिकडं बसा. लांब. आजूक लांब."

आम्ही सरकत सरकत फाटकाबाहेर, आटोत जाऊन बसलो. मी पुढं, गोविंदा मागं. तेनं तेवढ्यात इचारलं, "दाजी, स्टेशनला सोडता का?" मी म्हणलो, "पळू नगंस. दोघं मिळून मार खाऊ."

आतून दिसत होतं. मंगलनं वरचं सगळं छाटलं, मुळं पाण्यात खळखळून धुतली, सडल्याली काढली. बादलीतली माझी युरियाची माती बाहेर फेकली, नवी भरली, खुंट लावला आन् सावलीत ठेवला. तेवढ्यात भिंतीवरून शिंदे काकूंचा आवाज चढला.

"मंगलताई, आलीस का? बघ ना गं, त्या डेंगूवाल्यानं माझी सगळी झाडं मारली! रेनकोट घालून आलता मेला. सापडला ना, तर जोड्यानं मारीन!"

मंगलनं हळूच मान वळवून दोरीवर वाळत घातल्याल्या रेनकोटकडं बघितलं. मग म्हणली, "काकू, तो मला सापडलाय." आन् नर्सरीची जास्वंद उचलून तेंच्या हातात दिली.

त्याच्यानंतर त्या बादलीभोवती रांगोळीची एक रेघ पडली. मी रेघेच्या आत पाय टाकायचा न्हाई, हा कायदा. मंगल रोज मातीत बोट घालून बघायची, वाळली आसंल तरच पाणी. कुठं पांढरा ठिपका दिसला की साबणाचं पाणी आन् फडकं. फडकं! मी रेघेच्या बाहेर उभा राहून बघायचो. ढेकूण फडक्यानं खरंच निघतात हो. लई राग आला मला ते बघून.

दसऱ्याच्या आसपास खुंटाला एक लाल-हिरवा ठिपका फुटला. पहिल्यांदा मला दिसला! मी इतक्या मोठ्यानं वरडलो की आटोतलं गिऱ्हाईक उतरून पळालं. मंगल बाहेर आली, कोंबाकडं बघितलं, पदर डोळ्याला लावला. मी रेघेजवळ सरकलो. "लांबूनच बघा," ती म्हणली.

वास्तुशांतीला फांदी काढण्याएवढं झाड कुठलं? मंगलनं सगळी बादलीच आटोत घेतली. मुखेडपर्यंत मांडीवर. खड्डा आला की मागून आवाज, "हळू!" माझ्यासाठी एवढ्या वर्षात ती कधी हळू म्हणली न्हाई! गोविंदानं दाराच्या उजव्या अंगाला खड्डा तयार ठेवला होता. मंगलनं आपल्या हातानं लावली. माती लोटताना गोविंदा तिच्या बाजूला बसला होता, आन् दोघं भाऊबहीण बराच वेळ उठलेच न्हाईत. मला कोणी बोलावलं न्हाई. मीबी गेलो न्हाई. काय सांगावं, माझी सावली पडली आन् पुन्यांदा वाळली तर!

मग पंगत बसली. जावई म्हणून मला पाटावर बसवलं. गोविंदानं कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टावेल टाकला. झाड जगलं होतं, वास्तू झाली होती, समोर पुरणपोळी होती. मी जरासक ताठ बसलो. समोरच मंगलची मावशी बसली होती, उदगीरची. तिला ऐकायला कमी येतं, पण बोलायला कमी येत न्हाई. दारातल्या झाडाकडं बघून ती म्हणली, "मंगे, तुझ्या आईची जास्वंद एवढी बुटकी कामून दिसायलीय गं? कीड पडली होती का?"

"पडली होती मावशी."

"कोणती?"

मंगल वाढत होती. तुपाची वाटी एका हातात, दुसऱ्या हातातला चमचा तिनं सरळ माझ्याकडं केला.

मावशीनं चष्मा सारखा केला. मला टोपीपासून पाटापर्यंत नीट बघून घेतलं, आन् सगळ्या पंगतीला ऐकू जाईल आशा आवाजात म्हणली, "आगं माय! मग औषध मारायचं सोडून तिला टावेल-टोपी काय करायलाव?"